मशीन सर्वांत शेवटी: घरामागच्या वेल्डिंग शेडचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातलं गाव. दोन एकर ऊस, सहा म्हशी, घरात पाच माणसं. घरातल्या कर्त्या माणसाला मी इथे आबा म्हणतो. वय ५४. नाव, गाव आणि ओळख पटेल अशा एकदोन गोष्टी बदलल्या आहेत, बाकी सगळं घडलं तसं आहे. माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, गेट, ग्रिल, पत्र्याची शेड अशी कामं असतात. आबा आमचं जुनं गिऱ्हाईक.

शेतकऱ्याच्या घरी लोखंड बाराही महिने मोडत असतं. म्हशीनं रेटून दावणीचा पाइप वाकवला, कडबाकुट्टीचा पाय तुटला, फाटकाची बिजागरी निखळली. काम दहा मिनिटांचं, पण त्यासाठी टेम्पो ठरवा, तालुक्याला जा, दुकानदार मोकळा होईपर्यंत थांबा. आबांची सून दुधाचा हिशोब ठेवते. त्याच वहीच्या मागच्या पानावर तिनं वर्षभरातल्या वेल्डिंगच्या फेऱ्या टिपल्या होत्या. १४ फेऱ्या, ११,४०० रुपये, आणि त्यातले निम्म्याहून जास्त टेम्पोभाड्यात गेलेले. घरी मशीन घ्यायचा विचार त्या पानावरून सुरू झाला.

श्रावणात आबांनी भाच्याचं मशीन दोन दिवसांसाठी आणलं. काळी काच एकच, तीही हातात धरायची. एका हातात होल्डर (वेल्डिंगचा रॉड धरायचा चिमटा), दुसऱ्या हातात बिजागरी, मग काच धरणार कोण? डोळे मिटून टाके मारले. आमच्या धंद्यातले कितीतरी लोक असंच करतात. पण पापणी मिटायच्या आधीच आर्क (रॉडच्या टोकाची प्रखर ठिणगी) पेटलेला असतो, आणि दहाबारा टाक्यांत डोळ्याला जे लागायचं ते लागतं. त्या वेळी काही कळत नाही. रात्री एक वाजता आबा उठून बसले. डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखं, पाणी थांबेना, दिव्याकडे बघवेना. घरच्यांनी बटाट्याचे काप ठेवले. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, दोन दिवस अंधाऱ्या खोलीत काढले.

पुढच्या आठवड्यात ते दुकानात आले. "मशीन तेवढं चांगलं कुठलं ते सांग, बाकीचं माझं मी बघतो."

नेमकी अडचण

त्यांच्या खिशात एका विक्रेत्याची चिठ्ठी होती. '२५० अँपिअर' लिहिलेलं सिंगल फेज मशीन १४,००० रुपये, पाच इंची ग्राइंडर, दोन पाकिटं रॉड. ठरवलेले पैसे २०,०००. त्या चिठ्ठीत हेल्मेट नव्हतं, हातमोजे नव्हते, व्हाइस (लोखंड घट्ट पकडायचा शिकंजा) नव्हता, एक क्लॅम्पसुद्धा नव्हता.

मी विचारलं, जोडायचं काय आहे? ३ ते ६ मिलिमीटर जाडीचे अँगल आणि पट्ट्या, २ मिलिमीटरच्या आसपासचे पाइप. एवढ्याला अडीच मिलिमीटरचा रॉड पुरतो, आणि तो ६० ते ९० अँपिअरवर नीट चालतो. म्हणजे २५० अँपिअर त्यांना लागतच नव्हते. दुसरं असं की ते २५० अँपिअर त्या मशीनमधून येणार कुठून? वेल्डिंगचं व्होल्टेज काढायचा साधा हिशोब आहे: २० अधिक अँपिअरचा पंचविसावा भाग. २५० अँपिअरला ३० व्होल्ट, म्हणजे मशीनमधून बाहेर साडेसात किलोवॅट पडायला हवेत. मशीनमध्ये जाणारी वीज त्याहून जास्त. घरातलं मोठं सॉकेट १६ अँपिअरचं. २३० व्होल्टला त्यातून पावणेचार किलोवॅटदेखील मिळत नाहीत. मशीनचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) आणि आतली घट धरली तर त्या सॉकेटवर खरेखुरे ९० अँपिअरच्या आसपास मिळतात. मशीनला मागे सोळाचाच प्लग लावलेला असेल, तर पुढच्या २५० च्या आकड्यावर पैसे टाकू नयेत.

त्या रविवारी मी घरी जाऊन बघितलं. जायला हवं होतं ते आधी, चिठ्ठीवर बोलत बसण्याआधी. आबांनी वर्कशॉपची जागा गोठ्याच्या कडेला धरली होती. एका बाजूला कडब्याची गंजी, दुसऱ्या बाजूला ओली फरशी, आणि मीटरपासून तिथवर ४० मीटर जुनी वायर, मधे दोन ठिकाणी टेप गुंडाळलेला जोड.

वायर कशी आहे हे बघायला मी पाणी तापवायचा हीटर मागितला. सॉकेटवर मल्टिमीटर लावला: २२४ व्होल्ट. पंधराशे वॅटचा हीटर बादलीत सोडून सुरू केला: २०९. एवढ्याशा हीटरला, जेमतेम सहा अँपिअरला, १५ व्होल्ट पडले. वेल्डिंगला तिथून १४ अँपिअर ओढले की ३५ व्होल्ट पडणार, आणि संध्याकाळी गावात व्होल्टेज आधीच उतरलेलं असतं. रॉड चिकटत राहिला असता, आबांनी मशीनला नावं ठेवली असती, आणि तो टेपचा जोड कडब्याशेजारी तापत राहिला असता.

समोर असलेले पर्याय

आबांच्या मनात जुनं तांब्याचं ट्रान्सफॉर्मर मशीन होतं. तसली मशीनं वीस-वीस वर्षं चालतात. मशीन म्हणून मला ते आजही आवडतं. उघडलं तर आत बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. पण ते दोन फेजवर चालणारं, आणि घरी सिंगल फेज. शेतीपंपाची थ्री फेज आहे, पण ती पाळीनं येते, आणि पंपासाठी दिलेल्या जोडणीवर वेल्डिंग चालवणं नियमात बसत नाही. तो पर्याय तिथेच संपला.

मिग मशीनबद्दल (तारेच्या रिळावर आणि गॅसवर चालणारं) मुलानं मोबाइलवर बघितलं होतं. सफाई सुंदर येते हे खरंच, पण गॅसचं नळकांडं, त्याची भरणी, आणि उघड्या शेडमध्ये वाऱ्यानं गॅस उडून झाळीत (वितळून जुळलेल्या जोडात) भोकं पडणार. महिन्याला एकदोन कामांसाठी ते नको.

उरलं साधं इन्व्हर्टर मशीन (आत इलेक्ट्रॉनिक्स असलेलं, हलकं), २०० अँपिअरचं. इथेही दोन वाटा होत्या: तीनचार हजारांत मिळणारं बिननावाचं, किंवा जिल्ह्यात दुरुस्ती होईल असं ओळखीच्या कंपनीचं. मी दुसऱ्याच्या बाजूचा होतो, आणि कारण ड्यूटी सायकल. प्लेटवर २०० अँपिअरला ६० टक्के लिहिलेलं असेल तर दहा मिनिटांत सहा मिनिटं तेवढ्या करंटवर चालवायचं आणि चार मिनिटं थंड होऊ द्यायचं. स्वस्त मशीनवर हा आकडा बऱ्याचदा छापलेलाच नसतो. आबांना लागणार ९० अँपिअर, म्हणजे मशीन अर्ध्या ताकदीवर चालणार आणि उन्हाळ्यातही तापणार नाही.

पाचवा पर्याय सुनेनं मांडला. मशीन घ्यायचंच नाही, दर दोन महिन्यांनी मोडलेलं सगळं एकदम तालुक्याला न्यायचं. हिशोबात तो वाईट नव्हता, टेम्पोभाडं निम्म्यावर आलं असतं. पण मोडलेली दावण दोन महिने थांबत नाही. तरी मी आबांना म्हटलं, "तुम्ही एकदा ह्याचा विचार करा." त्यांनी आठवडाभर केला आणि मशीनच ठरवलं.

निर्णय आणि कामाचा क्रम

मी एकच अट घातली: मशीन सर्वांत शेवटी. मशीन घरात आलं की माणूस त्याच दिवशी ते लावून बघतो, वायर कशी आहे आणि तोंडावर काय आहे हे मग बघत नाही. आबांना हे पटलं नव्हतं. सुनेला लगेच पटलं, कारण त्या रात्री डोळ्यांवर बटाटे ठेवायला तीच जागी होती.

*आधी जागा आणि वायर.* जागा गोठ्यापासून लांब, घराच्या मागच्या भिंतीला, मीटरपासून २० मीटरवर नेली. ग्राइंडरच्या ठिणग्या दहाअकरा मीटरपर्यंत जाऊ शकतात, कडबा त्याच्या पलीकडे हवा. म्हशींचंही कारण होतं. जनावराला माणसापेक्षा कमी व्होल्टेजचा धक्का पुरतो, चारही पाय ओल्या फरशीवर आणि गळ्यात साखळी लोखंडी दावणीला. दावण जागेवरच जोडायची वेळ आली तर म्हशी बाहेर काढायच्या आणि अर्थ क्लॅम्प (मशीनची परतीची केबल लोखंडाला धरणारा चिमटा) जोडाच्या अगदी शेजारी लावायचा, हे मी शेडच्या दारावर खडूनं लिहून दिलं.

वायरमननं ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली, ३२ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट ओढला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि नवीन अर्थिंगचा खड्डा. घराचा मंजूर लोड वाढवायचा अर्ज केला. पुन्हा हीटर लावून बघितलं: २२४ वरून २२१. एवढ्याचे ९,२०० रुपये झाले आणि आबा नाराज झाले. वीस हजारांतले निम्मे भिंतीवरच्या पाइपात गेले होते, दाखवायला हातात काही नव्हतं. ह्या टप्प्यावर सगळं बारगळलं असतं. सून म्हणाली, बाकीचं उसाचं पहिलं बिल आल्यावर घेऊ, घाई काय आहे? त्यामुळे खरेदी दोन हप्त्यांत गेली.

*मग डोळे आणि हात.* आपोआप काळं होणारं हेल्मेट, चामड्याचे लांब हातमोजे, चामड्याचा ॲप्रन, ग्राइंडरसाठी साधा पारदर्शक गॉगल: २,९०० रुपये. हातात धरायची ११ नंबरची काचही चालते, स्वस्त पडते, पण नवशिक्याचे दोन्ही हात कामात गुंततात आणि श्रावणात झालं तेच पुन्हा होतं. डोक्यावरच्या हेल्मेटनं तो मोह उरत नाही. कपडे सुती. टेरिकॉटच्या शर्टावर ठिणगी पडली तर कापड वितळून कातडीला चिकटतं.

*मग धरायची आणि मापायची हत्यारं.* ह्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. वाकडी झाळ ग्राइंडरनं साफ होते, वाकडा जोडलेला चौकोन कापूनच काढावा लागतो. लोखंड थंड होताना ओढतं, म्हणून ते धरून ठेवणारं काही हवंच. सहा इंची बेंच व्हाइस, चार सी-क्लॅम्प, गुण्या, टेप, पाणसळ, अर्धा किलोची बॉलपीन हातोडी, सेंटर पंच, जाड आणि बारीक दातांची एकेक कानस, हॅकसॉ, चिपिंग हातोडी, वायर ब्रश, पक्कड, पान्यांचा संच.

दुकानात व्हाइस घेताना आबांनी रंग बघितला. मी त्याचा सरकता जबडा पूर्ण बाहेर काढून वरखाली हलवून दाखवला. पहिला खडखडत होता, दुसरा जागचा हलला नाही. दुसरा ८०० रुपयांनी महाग होता, तोच घेतला. गुण्याचीही परीक्षा घेतली. काउंटरवरच्या पत्र्याच्या सरळ कडेला गुण्या टेकवून रेघ मारली, मग उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या काटकोनात आहे. पहिल्या गुण्यात वरच्या टोकाला दोन रेघांमध्ये काडेपेटीची काडी बसेल एवढी फट पडली. दुकानदारानं स्वतःहून दुसरा काढून दिला. लोहचुंबकाचे गुण्ये मी घेऊ दिले नाहीत. इन्व्हर्टरसारख्या डीसी मशीनवर त्यांच्याजवळ आर्क एका बाजूला ओढला जातो, आणि ओढणारं लोखंड धरून ठेवण्याइतकी त्यांची पकड नसते.

पाने आणि पक्कड टपारियाची. नाशिकची कंपनी, गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातसुद्धा मिळते. हॅकसॉची पाती दोन तऱ्हेची घेतली, पातळ पाइपला इंचाला २४ दाती, जाड पट्टीला १८ दाती. कापायच्या जाडीवर एकाच वेळी दोनतीन दाते टेकले पाहिजेत, नाहीतर दाते अडकून तुटतात.

ग्राइंडर चार इंची घेतला. विक्रेत्याचं म्हणणं होतं की चार इंचीचंच गार्ड काढून पाच इंची चकती बसवतात सगळे. ह्यावर मी आवाज चढवला. चार इंची चकतीवर कमाल फेरे मिनिटाला १५,३०० छापलेले असतात, पाच इंचीवर १२,२००. चार इंची ग्राइंडर साधारण ११,००० फेऱ्यांनी फिरतो, म्हणजे पाच इंची चकती तिच्या मर्यादेच्या काठावर, आणि मधे गार्ड नाही. फुटली तर तुकडा येतो तो पोटात किंवा मानेत. चकतीच्या मधल्या पत्र्याच्या कडीवर वापराची मुदतही छापलेली असते, ती वाचून घ्यायची.

*शेवटी मशीन.* डिसेंबरात उसाचं बिल आलं आणि ७,८०० रुपयांचं २०० अँपिअरचं इन्व्हर्टर घेतलं. सोबत आलेल्या केबलची तार मी चाकूनं खरवडली: वर तांबूस, आत पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ती बाजूला ठेवून २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, चांगला होल्डर आणि पितळी अर्थ क्लॅम्प घेतला, ३,४०० रुपये.

सगळं मिळून ३५,३०० रुपये झाले. मशीन त्यातले शंभराला बावीस.

शिकण्याचे तीन आठवडे

पहिलं काम दावणीचं करायचं नाही, असं ठरलं होतं. भंगारातून पाच किलो पट्टीचे तुकडे आणले. एक पट्टी दुसरीवर उभी ठेवायची, एकाच बाजूनं झाळायची, व्हाइसमध्ये पकडायची आणि झाळीच्या विरुद्ध बाजूनं हातोडी मारून झाळीकडे वाकवून मोडायची.

आबांची पहिली झाळ वरून छान दिसत होती, खवले एकसारखे. तीन घावांत मोडली. आत कोपऱ्यात पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ होती, दोन इंच लांब. स्लॅग (रॉडच्या लेपाची वितळलेली मळी) आतच अडकला होता, खालचं लोखंड वितळलंच नव्हतं. करंट ६५ होता, तो ८५ केला, आर्क रॉडच्या जाडीएवढा आखूड धरायला सांगितला. अकरावा तुकडा मोडला नाही, पट्टीच वाकली. तो तुकडा अजून शेडमध्ये खिळ्याला टांगलेला आहे.

रॉड ६०१३ जातीचे, पाकिटावर आयएस ८१४ (वेल्डिंग रॉडचं भारतीय मानक) बघून घेतलेले. पावसाळ्यात ते दमट होतात, मग फाडफाड उडतात. सुनेनं पाकीट तेलाच्या रिकाम्या डब्यात घालून चुलीशेजारच्या फडताळात ठेवलं. दुकानातली माझी व्यवस्था याहून चांगली नाही.

जिथे चुकलं

फेब्रुवारीत आबांनी दावणीचे दोन पाइप शेडमध्येच जोडले. वारा नको म्हणून दोन्ही बाजूंनी ताडपत्री सोडलेली. रात्री हुडहुडी भरली, अंग मोडून आलं, तोंडाला धातूची चव. फ्लू समजून गोळी घेतली. सकाळी मला फोन आला आणि माझ्या लक्षात आलं. पाइप जीआयचे होते.

जीआयवर जस्ताचा थर असतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, लोखंड वितळायला दीड हजाराच्या आसपास लागतात. म्हणजे झाळ लागायच्या आधी जस्ताची वाफ होते, तो पांढरा धूर. तो छातीत गेला की काही तासांनी हा ताप चढतो, बहुधा एकदोन दिवसांत उतरतो. वेल्डर लोक सांगतात, गूळ खा, दूध पी, धूर निघून जातो. नाही जात. धूर नाकात जाऊ न देणं एवढाच उपाय आहे. मी आबांना दवाखान्यात जायला सांगितलं, आणि 'वेल्डिंग केलं होतं' हे डॉक्टरांना न विसरता सांगा म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते बरे झाले.

ही चूक माझी आहे. मी पाइपची जाडी विचारली होती, पाइप कशाचा हे विचारलं नव्हतं. गोठ्यात उभा राहून मी ते पाइप डोळ्यांनी बघितले होते.

त्यानंतर जीआय असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन इंच थर घासून काढायचा, काम उघड्यावर, वारा बाजूनं येईल असं उभं राहून, तोंडावर मास्क, आणि झाळल्यावर तिथे झिंक रिच प्रायमर, असं ठरलं.

निष्पत्ती

पहिल्या वर्षात बाहेरच्या वेल्डिंगला २,६०० रुपये गेले. आधीच्या वर्षी ११,४०० गेले होते. ह्या वेगानं पैसे भरून यायला चार वर्षं लागतील. फक्त पैशासाठी कुणी हे करत असेल तर मी थांबवेन. आबांना मोडलेली दावण त्याच संध्याकाळी उभी राहते याची किंमत जास्त वाटते.

त्या २,६०० मध्ये उसाच्या ट्रॉलीचा हूक आहे. तो घरी करायचा नाही यावर आम्ही दोघं ठाम होतो. भर रस्त्यात दहा-बारा टन ऊस त्या एका जोडावर चालतो, मागून दुचाकीवर माणसं असतात. डिझेलचं रिकामं पिंपसुद्धा घरी हात लावायचं नाही. रिकाम्या पिंपातली वाफच पेटते.

काय वेगळं करता आलं असतं

वायरचा खर्च मी आधी सांगायला हवा होता. आबांच्या वीस हजारांत तो धरलेला नव्हता आणि ते ९,२०० त्यांना फसवणुकीसारखे वाटले. घर बघून मगच आकडा सांगितला असता तर ते दोन महिने ताणाचे गेले नसते.

पान्यांचा पूर्ण संच घेतला, त्यातले चारच वापरात आहेत. ते पैसे आणखी दोन क्लॅम्पना द्यायला हवे होते. चार क्लॅम्प कमी पडतात, फाटकाची चौकट करताना आबांनी कर्ण मापायच्या आत एक कोपरा सुटून सरकला आणि ती चौकट आठ मिलिमीटर तिरकी झाली.

जागेबद्दल मात्र एक प्रश्न मला अजून सुटलेला नाही. घराच्या भिंतीला शेड नेल्यानं कडबा आणि म्हशी लांब राहिल्या, पण आता ठिणग्यांचा उजेड अंगणात येतो आणि नातवंडं बघायला उभी राहतात. सध्या जुनी ताडपत्री मधे टांगली आहे, काम उघड्यावर असलं की तीही वाऱ्यानं उडते. तिथे पत्र्याची सरकती आडभिंत करायची आहे. चौकट आबा स्वतः जोडणार आहेत, पाइप घ्यायला येत्या रविवारी आम्ही एकत्र जातोय.